वाक्य कुठे संपतं, ते आजोबांना विचार

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या एका गावातून अकरावीतल्या विद्यार्थिनीने लिहिलं आहे. चौथीपर्यंत ती गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. समुद्रविज्ञान शिकायला अमेरिकेला जायचं तिच्या मनात आहे आणि त्यासाठी येत्या डिसेंबरात ती एसएटी ही तिथल्या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देणार आहे. गणित बरं जातं, पण 'रीडिंग अँड रायटिंग'च्या सराव परीक्षेत ५४ पैकी १९ उत्तरं चुकतात. तांबड्या पुठ्ठ्याचं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक दोनदा वाचून झालं. नियम पाठ आहेत, ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत. बाबा म्हणतात, 'पहिलीपासून इंग्रजीत घातलं असतं तर ही वेळ आली नसती.' मराठी शाळेचा आग्रह आजोबांचा होता. ते स्वतः मराठी शाळेत मास्तर होते. हल्ली हा विषय निघाला की ते जेवणावरून उठून सोप्यावर जाऊन बसतात. पणजीतला क्लास लावायचा तर आईला मुदत ठेव मोडावी लागेल. तिचा प्रश्न : माझा पाया कच्चा आहे का? क्लास लावू, की हा नादच सोडू?

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबतचा चुकांचा तक्ता चारदा. तक्ता पत्रापेक्षा जास्त बोलका आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते.

'व्याकरणात माझ्या १९ चुका होतात,' असं तू लिहितेस. मी मोजल्या. स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या पाच, कर्ता-क्रियापदाच्या दोन, आणि एका वाक्यात वर्णन भलत्याच नामाला चिकटलेलं. झाल्या आठ. चार चुका उताऱ्याचा रोख न कळल्याच्या. त्यांचा व्याकरणाशी काही संबंध नाही. उरलेल्या सात जोडशब्दांच्या (दोन वाक्यांमध्ये 'म्हणून', 'तरीही' असं काय येईल त्याच्या) आणि दिलेल्या टिपणांवरून वाक्य निवडण्याच्या. त्यातल्या सहा २२ ते २७ या क्रमांकांत आहेत आणि त्यांच्यापुढे तू स्वतःच बारीक अक्षरात 'वेळ संपली' असं लिहिलं आहेस. त्या सहा चुका घड्याळाच्या आहेत. त्यांचं खापर मराठी शाळेवर फोडायचं कारण नाही.

ही परीक्षा कशी बेतलेली आहे ते बाबांनाही वाचून दाखव, कारण त्यांना अजून निबंधाची धास्ती दिसते. निबंध २०२१ सालीच काढून टाकला. आता या विभागात २७-२७ प्रश्नांचे दोन भाग असतात, प्रत्येकाला ३२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा छोटा उतारा, २५ ते १५० शब्दांचा. आधी शब्दार्थ आणि आकलन, मग विरामचिन्हं आणि क्रियापदं, आणि सगळ्यात शेवटी जोडशब्द आणि टिपणं, असा क्रम दर वेळी तोच. तू पहिल्यापासून ओळीने सोडवतेस, कवितेच्या नाहीतर जुन्या कादंबरीच्या उताऱ्यावर तीन-तीन मिनिटं अडून बसतेस आणि जे तुला तीस सेकंदांत येईल तिथे पोचतेस तेव्हा वेळ उरलेली नसते. ही परीक्षा ज्या ॲपवर देतात त्यात एका भागातल्या प्रश्नांत पुढे-मागे जाता येतं. पुढच्या सरावाला विरामचिन्हांच्या प्रश्नांपासून सुरुवात कर, शेवटापर्यंत जा आणि मग पहिल्या प्रश्नाकडे ये. अडलं तिथे खूण करून पुढे सरक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिला भाग जसा जाईल त्यावर दुसरा सोपा की कठीण ते ठरतं, म्हणून पहिल्या भागात घाईने केलेल्या चुका जास्त महाग पडतात.

राहिल्या आठ चुका. त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तुझ्या घरातलं भांडण त्यांच्यावरूनच चाललं आहे.

मी स्वतः डिचोलीकडच्या मराठी शाळेतली. पुढे तीस वर्षं उच्च माध्यमिकला इंग्रजी शिकवलं. पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली मुलं माझ्या वर्गात भरपूर असत. बोलायला फर्डी, आणि पेपरात स्वल्पविरामाच्या चुका अगदी तुझ्यासारख्याच. ती उत्तर कानाने ठरवायची. 'टीचर, हे बरोबर वाटतं.' पण पर्याय रचणाऱ्यालाही कान असतात. चुकीचा पर्याय तो मुद्दाम कानाला गोड लागेल असाच करतो. तिथे वाक्य उलगडून बघण्याची सवय लागते, आणि ती सवय मला इंग्रजीच्या तासाला लागलेली नाही. 'कर्ता शोध,' असं मास्तर म्हणाले की आम्ही क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावून 'कोण?' असं विचारायचो. 'पाटी उलटली' यात उलटणारी कोण? पाटी. तुझ्या आजोबांनी हे किती पोरांकडून घोकून घेतलं असेल, त्यांनाच विचार.

आता तुझ्या कर्ता-क्रियापदाच्या दोन चुका बघू. एकीत लांबलचक कर्ता होता : 'द इफेक्ट ऑफ रायझिंग टेम्परेचर्स ऑन कोरल रीफ्स'. पुढे तू 'आर' निवडलंस, कारण जवळचा शब्द 'रीफ्स' अनेकवचनी. मराठीत आपण काय म्हणू? 'वाढत्या तापमानाचा प्रवाळांवरचा परिणाम'. आपल्याकडे मुख्य नाम अखेरीस येतं, क्रियापदाला खेटून. 'कुळागरातल्या नारळांची पाटी उलटली' यात 'नारळ उलटले' असं तू स्वप्नातही म्हणणार नाहीस. इंग्रजी मुख्य नाम आधी टाकून मोकळी होते, मग मध्ये लटांबर येतं, आणि आपल्या कानाला क्रियापदाशेजारचं नामच कर्ता वाटतं. म्हणून असा लांब कर्ता दिसला की त्याचं मनातल्या मनात मराठी कर. मराठीत जो शब्द शेवटी येईल तोच कर्ता. परिणाम एक, म्हणून 'इज'. याला पाच सेकंद लागतात. इथे तुझी मराठी तुला नडत नाही, उलट चाचपून बघायला काठी देते.

पण एके ठिकाणी मराठी खरोखरच फसवते, तेही सांगायला हवं. 'बाजारातून चालताना फणसाचा वास आला' हे आपलं निर्दोष वाक्य आहे. चालणारी मी, वास मला आला. 'मला' उच्चारायचीही गरज नाही. हेच इंग्रजीत 'वॉकिंग थ्रू द मार्केट, द स्मेल ऑफ जॅकफ्रूट...' असं लिहिलं की वासच बाजारातून चालत निघाला. तिथे स्वल्पविरामानंतर लगेच चालणारी व्यक्ती यायला हवी. तक्त्यातली ती एकुलती चूक हीच आहे. वाक्याच्या आरंभी असा तुकडा दिसला की पुन्हा 'णारा' लाव : चालणारा कोण? तो स्वल्पविरामाला लागून उभा असलेला पर्याय उचल.

विरामचिन्हांच्या पाच चुकांपैकी चार एकाच जातीच्या. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो.' मराठीत असं आपण बिनदिक्कत लिहितो, मी या उत्तरातसुद्धा दोन-चारदा लिहिलं असेल. या परीक्षेच्या इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामाबरोबर 'अँड', 'बट', 'सो' यांतलं काही घ्या. आणि 'हाउएव्हर' या कामाला चालत नाही. आपल्याला 'पण' आणि 'तथापि' एकाच माळेतले वाटतात, पण इंग्रजीत 'बट' दोन वाक्यं जोडतो आणि 'हाउएव्हर' जोडत नाही; त्याच्या आधी किंवा नंतर, जिथे एक वाक्य खरोखर संपतं तिथे, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतोच. तुझ्या चारपैकी दोन चुका याच शब्दापाशी झाल्या आहेत.

तेव्हा पर्याय वाचण्याआधी रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग बोटाने झाकून वाच, मग उजवीकडचा. दोन्ही आपापल्या पायावर उभे राहतात का? राहत असतील तर नुसत्या स्वल्पविरामाचा पर्याय बाद. एक जरी लंगडत असेल तर अर्धविराम बाद. अपूर्णविरामाचं (:) थोडं वेगळं आहे : त्याच्या डावीकडे पूर्ण वाक्य हवं, उजवीकडे यादी किंवा खुलासा असला तरी चालतं. आणखी एक गंमत. शब्द तेच ठेवून एका पर्यायात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम असेल, तर दोघांचं काम एकच. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, म्हणून दोन्ही खोडायचे.

पाचवी चूक नावाभोवतीच्या स्वल्पविरामाची. 'मरीन बायोलॉजिस्ट रेचल कार्सन' यात स्वल्पविराम येत नाही. हुद्दा नावाला जोडून आला आहे. 'रेचल कार्सन, अ मरीन बायोलॉजिस्ट,' यात दोन येतात, कारण मधला तुकडा उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य चालतं. कंस उघडला की मिटावा लागतो, तसंच हे. उघडताना स्वल्पविराम आणि मिटताना डॅश, असंही चालत नाही.

ही चिन्हं मुळात आपली नव्हेतच, हे तुला ठाऊक आहे का? मराठीत ती रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रजाला देतात. आणि त्याच्या कितीतरी आधी, १५७९ साली, दुसरा एक इंग्रज थॉमस आपल्या गोव्यात उतरला होता : फादर थॉमस स्टीफन्स. त्याने इथली भाषा अशी आत्मसात केली की मराठीत ओवीबद्ध पुराण लिहिलं आणि कोकणीचं व्याकरणही रचलं. हे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. मोठं झाल्यावर, परक्या मुलखात, आपल्या भाषेचे सांधे तपासत तपासत तो शिकला. तू तर पाचवीपासून इंग्रजीत आहेस.

तू 'अ' आणि 'द'ची धास्ती घेतली आहेस, म्हणून तेवढं सांगून टाकते : त्यांच्यावर या परीक्षेत वेगळे प्रश्न नसतात. व्याख्या आणि संज्ञाही कोणी विचारत नाही. तांबडं पुस्तक वाईट नाही, पण तुझ्या कामाचं त्यातलं फार थोडं आहे. ते कपाटात ठेव. 'इट्स'मध्ये तू अजून अडखळतेस असं तक्त्याच्या मागच्या पानावर दिसलं. 'हिज', 'हर'ला वर टिंब (अपॉस्ट्रॉफी) लागत नाही, तसंच मालकीच्या 'इट्स'लाही नाही; ते वरचं टिंब 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणायचं असेल तेव्हाच. लाजू नकोस. मी एकदा स्नेहसंमेलनाच्या फलकावर हीच चूक दोन फूट उंच अक्षरांत करून ठेवली होती आणि ती दाखवून दिली नववीतल्या एका पोराने.

जोडशब्दांसाठी तुला सगळ्यात सोपा उपाय देते. पर्याय हाताने झाक. दोन वाक्यं वाच आणि मध्ये मराठीत काय म्हणशील ते ठरव : म्हणून? तरीही? शिवाय? उदाहरणार्थ? त्याउलट? मराठी शब्द पक्का झाला की मगच हात काढ. इंग्रजी पर्याय आधी बघितले की 'मोरओव्हर' आणि 'नेव्हरदलेस' दोन्ही सारखेच भारदस्त वाटायला लागतात. टिपणांच्या प्रश्नात उलटं कर, टिपणांच्या आधी प्रश्न वाच. तिथे बहुधा चारही वाक्यं व्याकरणाने शुद्ध असतात आणि टिपणांशी जुळतातही. विचारलेलं काम कोणतं वाक्य करतं एवढंच बघायचं. 'दोन माशांमधला फरक दाखवा' म्हटलं असेल आणि वाक्यात एकाच माशाचं वर्णन असेल, तर ते कितीही सुंदर असो, चुकीचं.

सरावाला महागाचं काही लागत नाही. ॲपमधल्या अधिकृत सराव परीक्षा फुकट आहेत, खान अकॅडमी या संकेतस्थळावरचे धडेही. मात्र रोज एक परीक्षा फोडून त्या संपवू नकोस. तीन आठवड्यांतून एक दे आणि मधले दिवस चुकांवर घालव. प्रत्येक चुकीपुढे 'व्याकरण' असा शेरा मारणं बंद कर. 'दोन वाक्यं, नुसता स्वल्पविराम' असं नेमकं लिही. शिवाय घरी इंग्रजी पेपर येत असेल तर अग्रलेखातला एक परिच्छेद विरामचिन्हं गाळून वहीत उतरव, दुसऱ्या दिवशी चिन्हं स्वतः घाल आणि मूळ छापलेल्याशी ताडून बघ. पेपरातही चुका असतात. एखादी सापडली तर तो दिवस सोन्याचा समज.

आता क्लास. मी क्लासच्या विरोधात नाही. एकटीने टेबलापाशी बसवत नसेल, तर फी देऊन बसणं हाही एक मार्ग आहे. पण तू स्वतःहून चुकांचा तक्ता केला आहेस; तुला बसवायला कोणी लागेल असं वाटत नाही. आईला सांग, गणेशचवथीपर्यंत ठेव मोडू नका. तोवर वर सांगितलं तसं करून बघ. चवथीच्या सुट्टीत एक परीक्षा घड्याळ लावून दे. चुका अकरा-बाराच्या आसपास आल्या असतील तर याच वाटेने पुढे जा. एकोणिसावरच अडल्या असतील तर क्लासवाल्यांकडे जा आणि पैसे भरण्याआधी विचारा : माझ्या चुका कोण तपासणार? की सगळ्यांना तीच नियमांची पुस्तिका वाटणार? उत्तर गुळमुळीत आलं तर परतीची बस पकडा.

त्याहून मोठी एक गोष्ट तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहेस. तुझ्या विद्यापीठांच्या यादीत पहिलं नाव सॅन दिएगोचं आहे. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचं केंद्र. त्या विद्यापीठाने २०२० साली ही परीक्षा प्रवेशातून काढायचं ठरवलं आणि आज त्यांच्या एकाही केंद्रात प्रवेश देताना एसएटीचे गुण बघत नाहीत. उलट एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, आणि डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ साली तसंच जाहीर केलं. कितीतरी ठिकाणी ती ऐच्छिक आहे. म्हणजे डिसेंबरच्या परीक्षेची धावपळ करण्याआधी यादीतल्या एकेका नावापुढे 'लागते', 'ऐच्छिक', 'बघत नाहीत' यांतलं एक लिहायला हवं. सॅन दिएगोला गुणांऐवजी तुझं लिखाण लागेल : आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं. त्याची तयारी पर्यायांवर खुणा करून होत नाही. पत्रात तू खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतातल्या, मानशीवर (पाण्याच्या दारावर) मासे धरणाऱ्या काकांबद्दल पाच ओळी लिहिल्या आहेस. सगळ्या पत्रात त्याच जिवंत आहेत. तिथून सुरुवात कर. आणि चार वर्षांच्या तिथल्या खर्चाबद्दल आईबाबांशी आताच बोल, ठेवीचा विषय निघालाच आहे तर.

हे सगळं वाचून तू सीयूईटीकडे, म्हणजे आपल्याकडच्या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेकडे वळलीस, किंवा सीयूईटी देणारं दुसरं कोणी हे वाचत असेल, तर एक सावधगिरी. २०२५ पासून त्यातल्या इंग्रजीच्या पेपराला ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि सगळे सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीला १ वजा. त्यामुळे अगदीच अंधारात तीर मारायचा नाही. दोन पर्याय खोडता आले तर मात्र मारावा. तिथे उतारे लांब असतात, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द असतात, आणि उलटसुलट वाक्यं लावायची असतात. वाक्यं लावताना जोडशब्दांची मराठी युक्ती जशीच्या तशी चालते. आणि समुद्राचंच म्हणशील तर दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुझ्या घरापासून दोन बस बदलून गाठता येईल इतकी जवळ आहे. तिथवर जाण्याची वाट सॅन दिएगोवरूनच जाते असं काही नाही.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना तक्ता दाखव, त्या सहा 'वेळ संपली'सकट.

आणि येत्या रविवारी हे कर. एक सराव उतारा घे, जेवणं झाली की आजोबांच्या मागोमाग सोप्यावर जा आणि त्यांना तो मराठीत सांग, वाक्यागणिक थांबत. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. 'आजोबा, या दोन वाक्यांच्या मध्ये काय येईल?' असं विचार. 'यातला कर्ता कोण?' असंही विचार. मग पर्यायांवरचा हात काढ आणि जुळतं का बघ. किती जुळले ते मला कळव. पत्ता तोच आहे.